कणसं आली, दाणे आले नाहीत

घरामागे स्वीट कॉर्न लावायचं ठरवलं तेव्हा मका हे सोपं पीक आहे, असंच सगळ्यांकडून ऐकलं होतं. बी टोबायचं, पाणी द्यायचं, अडीच महिन्यांत कणसं खायची. आमच्याकडची हवा कडक आणि कोरडी, उन्हाळा सुरू झाला की वाराही तापतो. पण मका तर उन्हातलंच पीक, मग अडचण काय येणार, असं वाटलं. प्रत्यक्षात नीट भरलेलं पहिलं कणीस हातात यायला तेरा महिने आणि तीन पेरण्या लागल्या. या काळात जे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं ते आधीच एका जागी वाचायला मिळालं असतं, तर निदान एक हंगाम वाचला असता. म्हणून तारखांसकट सगळं लिहिते आहे.

पहिली पेरणी २२ मार्चची. कुंपणाच्या भिंतीलगत एक लांब पट्टा मोकळा होता, तिथे दोन ओळींत ४० बिया टोबल्या. जमीन चांगली तापलेली होती, सहाव्या दिवशी कोंब वर आले. ३३ रोपं उभी राहिली. एप्रिलच्या शेवटी दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळायला लागली, तशी मी घाबरून दिवसातून दोनदा नळी धरायला लागले. यात पहिली चूक झाली. भर दुपारी पान गुंडाळून घेणं ही मक्याची स्वतःला वाचवायची रीत आहे. उन्हाला पानाचा कमी भाग मिळतो आणि पाणी कमी उडतं. ऊन उतरल्यावर पान सुटलं तर फार चिंता नको. बघायची वेळ सकाळची. उजाडतानाही पान सुरळीतच असेल तर मुळांशी पाणी नाही हे नक्की. मी मात्र दुपारचं पान बघून पाणी देत होते, आणि तेही थोडं थोडं, वरची दोन बोटं माती भिजेल एवढंच.

११ मेला तुरे दिसले, १६ मेला कणसांचे केस बाहेर आले. त्या आठवड्यात पारा रोज ४१-४२ अंशांवर होता आणि दहा वाजल्यापासून गरम वारा सुटायचा. केसांची टोकं दोन दिवसांत तपकिरी होऊन चुरगळली. हे असंच असतं, असं मी धरून चालले. झाडं हिरवीगार होती, कणसं हाताला जाड लागत होती.

५ जूनला पहिलं कणीस सोललं. आत ३१ दाणे होते. मोजले, कारण मोजण्याइतकेच होते. चांगल्या कणसात चौदा-सोळा ओळी आणि काही शे दाणे असतात. इथे बुडाशी पाच-सहा, मध्ये दोन, मग नुसती पांढरी, सपाट, रिकामी जागा, पुन्हा एक टपोरा दाणा. अक्षरशः बोळकं. दाणे जे होते ते मात्र मोठे आणि गोड, कारण त्यांना दाटीच नव्हती. एकूण २९ कणसं काढली, सगळ्यात भरलेल्यात नव्वदच्या आसपास दाणे. त्या दिवशी मी फार खट्टू झाले. अडीच महिने रोज सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्यावर गेले होते.

विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. खत कमी पडलं, बी खराब निघालं, रोग असेल. आई तेवढी म्हणाली, “अगं, दाणे सुकलेत की आलेच नाहीत, ते आधी बघ.” मला तेव्हा या दोन्हींत काय फरक ते कळलं नव्हतं. खरं तर अख्खा प्रश्न तिथेच सुटायला सुरुवात होते.

मक्याचा तुरा म्हणजे नर फुलोरा, कणीस म्हणजे मादी. कणसाचा एकेक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडला, तिथून आत उतरला, की तो दाणा धरतो. केसाला पराग मिळाला नाही तर त्या जागी काहीच होत नाही. म्हणजे दाणे विखुरलेले असतील आणि मधली जागा कोरी असेल तर परागीभवन फसलं. बुडापासून दाणे सलग भरलेले असतील आणि टोकाकडे सुरकुतलेले, वाळलेले छोटे दाणे दिसत असतील, तर ते धरले होते पण पुढे झाडाला पोसता आले नाहीत. तिथे पाणी किंवा खत कमी पडलं. माझं कणीस पहिल्या प्रकारचं होतं. खताची कितीही पोती ओतली असती तरी भरलं नसतं.

पराग का पोचला नाही, याची दोन कारणं माझ्याच पट्ट्यात उभी होती. मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं, मधमाश्यांवर त्याची भिस्त नसते. दोन लांब ओळींमधून वारा आडवा गेला की पराग सरळ भिंतीवर. म्हणून मका ओळीत न लावता चौकोनात लावायचा, कमीत कमी चार ओळी. दुसरं कारण उष्णता. तुऱ्यातून पराग मुख्यतः सकाळी, दव सुकल्यानंतर गळतो, आणि कोरड्या गरम हवेत तो फार वेळ टिकत नाही. पारा ३५-३८ च्या वर आणि हवेत ओलावा नाही, अशा दिवसांत केससुद्धा पराग घेण्याआधीच सुकतात. झाडाच्या आयुष्यातले हे आठ-दहा दिवस सगळ्यात नाजूक, आणि माझी पेरणीची तारीख अशी की ते नेमके वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या आठवड्यात आले.

तरी मनात शंका होतीच, कारण खालच्या पानांची टोकं जळल्यासारखी दिसायची आणि कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे होते. म्हणून जूनमध्ये माती आणि पाणी तपासून घेतलं.

मातीचा नमुना एका जागेचा चालत नाही. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, खड्ड्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत, साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत, माती खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली पुन्हा मिसळायची, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. पाण्यासाठी मोटर दहा मिनिटं चालू द्यायची, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरायची. अर्जात मागचं पीक, पुढचं पीक, पाण्याचा स्रोत आणि आधी घातलेली खतं असे रकाने होते. ११ जूनला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा माझा नमुना परत दिला, कारण माती ओलसर होती आणि खताचा रकाना मी मोकळा सोडला होता. माती सावलीत चार दिवस पसरून वाळवली (उन्हात वाळवू नका), रकाना भरला आणि १६ जूनला पुन्हा गेले. आठ दिवसांत अहवाल मिळेल म्हणाले होते. दोन फेऱ्या रिकाम्या झाल्या, अहवाल १९ व्या दिवशी, ५ जुलैला हातात आला. पावती जपून ठेवा. नोंदणी क्रमांकाशिवाय त्यांना नमुना सापडतच नव्हता.

सामू (मातीचा आम्ल-अल्कधर्मीपणा) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, जस्त ०.४ पीपीएम. जस्ताची पातळी ०.६ च्या खाली गेली की कमतरता धरतात, आणि सामू चढा असला की असलेलं जस्तही मुळांना नीट मिळत नाही. ते पांढरे पट्टे जस्ताच्या कमतरतेचे होते. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यात क्षार किती याचं माप, १.४ डेसिसायमन प्रति मीटर. मका क्षारांच्या बाबतीत तसा हळवा. पाणी साधारण १.१ च्या वर गेलं की उत्पन्न हळूहळू घटायला लागतं. पानांच्या जळक्या टोकांचा अर्थ तिथे लागला. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण मी दोन दिवस उगाच निश्चिंत होते. मातीच्या अहवालातला वाहकतेचा आकडा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून काढलेला असतो. पुस्तकात मक्यासाठी दिलेली १.७ ची मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या, अर्काची असते. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवू नका; पहिला नेहमीच कमी दिसतो. मोजणी कोणत्या पद्धतीची आहे ते खिडकीवर विचारून घ्या, तिथे लगेच सांगतात.

दुसरी पेरणी ८ ऑगस्टला. या वेळी ५ ओळी, प्रत्येकीत १० झाडं, ओळींत ६० सेंटिमीटर आणि झाडांत २५ सेंटिमीटर अंतर. सगळा मिळून साडेसात चौरस मीटरचा वाफा. आधी चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं आणि २० ग्रॅम झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत. त्याचं प्रमाण एकरी किंवा हेक्टरी मापात सांगतात. हेक्टरी २५ किलो म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम, एवढा हिशेब केला की झालं. पांढरे पट्टे या खेपेला दिसले नाहीत.

पट्टे गेले आणि २५ ऑगस्टला दुसरंच काही दिसलं. पानांवर ओळीने भोकं, पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुशासारखी विष्ठा. पोंगा उलगडला तर आत अळी. डोक्यावर फिकट उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठळक ठिपके, म्हणजे लष्करी अळी. ही मूळची अमेरिका खंडातली, २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये आशियात पोचली. ५० झाडांना फवारणीची गरज नव्हती. सलग अकरा संध्याकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक पोंगा तपासला, अळ्या साबणाच्या पाण्यात टाकल्या, पानांवरचे कापसासारख्या लवेने झाकलेले अंड्यांचे पुंजके बोटाने चिरडले. रोज अर्धा तास जायचा. पोंग्यात खोल गेलेल्या अळ्यांवर चिमूटभर बारीक वाळू टाकली. सात झाडं खुरटली, बाकीची सावरली.

पाण्यासाठी ठिबकची नळी टाकली होती आणि रोज वीस मिनिटं सोडत होते. सप्टेंबरमध्ये एक दिवस आईने लोखंडी सळई मागितली, वाफ्यात खुपसली, ती चार बोटांवरच अडली. “वरून ओलं दिसतंय, खाली बघ,” म्हणाली. मग मी नळीची दोन छिद्रं बादलीत धरून हिशेब काढला. वीस मिनिटांत सगळ्या वाफ्याला १८ लिटर मिळत होते. कडक उन्हात तुऱ्यावर आलेल्या मक्याला दिवसाला आठेक मिलिमीटर पाणी लागू शकतं, म्हणजे चौरस मीटरला ८ लिटर, म्हणजे माझ्या वाफ्याला ६०. मी तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी देत होते. शिवाय रोज थोडं दिल्याने क्षार वरच साठत होते; नळीच्या कडेला पांढरी साय धरली होती. त्या दिवसापासून एक दिवसाआड, पण सळई हातभर सहज उतरेल इतकं पाणी द्यायला लागले आणि पंधरा दिवसांतून एकदा मुद्दाम जास्त, क्षार खाली धुऊन जावेत म्हणून. वाळल्या गवताचं आठ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन घातलं. आच्छादनाखालची माती दुपारीही हाताला गार लागायची, वाफसा टिकायचा. माझ्या मते कोरड्या हवेत जितकं पाणी महत्त्वाचं तितकंच हे.

२७ सप्टेंबरला तुरे आले आणि २८ ला मोटर जळली. चार दिवस पाणी नाही. बादल्यांनी जेवढं आणता आलं तेवढं आणलं, पण तुऱ्याच्या वेळचा ताण मका माफ करत नाही. अशा ताणात तुरा आपल्या वेळेला येतो, केस मात्र मागे राहतात. ३० सप्टेंबरपासून पराग गळत होता आणि कणसं नुसती बंद. रोज सकाळी जाऊन बघायचे, पिवळी धूळ खालच्या पानांवर साठलेली आणि तिला घ्यायला कोणी नाही. केस ५ ऑक्टोबरला दिसायला लागले. तोवर बहुतेक तुरे रिकामे झाले होते.

६, ७ आणि ८ ऑक्टोबरला हाताने परागीभवन केलं. सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत, तुऱ्याखाली कागदी पिशवी धरून तुरा झटकायचा. पिवळी भुकटी पडते, सोबत परागकोशांची टरफलं. ती लगेच, पाच-दहा मिनिटांत, ताज्या केसांवर सगळीकडून भुरभुरायची. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो आणि पराग गुठळ्या होऊन चिकटतो. पिशवी उद्यासाठी ठेवूही नका. एकदा करून भागत नाही, कारण केस एकदम येत नाहीत. कणसाच्या बुडाकडच्या दाण्यांचे आधी, टोकाचे सगळ्यात शेवटी.

जमलं का, हे कळायला कापणीपर्यंत थांबावं लागत नाही. १४ ऑक्टोबरला एक कणीस त्यासाठी दिलं. वरची पानं बुडाशी ब्लेडने हलकेच चिरून, केसांना धक्का न लावता उलगडली आणि कणीस आडवं धरून हलवलं. ज्या दाण्याचं फलन झालं त्याचा केस सुटून पडतो, न झालेल्याचा चिकटून राहतो. खालच्या निम्म्या भागातून केसांचा झुपका गळून खाली पडला, वरच्या निम्म्यात ते घट्ट लोंबत राहिले. कणीस गेलं, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काय चाललंय ते डोळ्यांनी दिसलं. २६ ऑक्टोबरला काढणी केली; कणसं साधारण निम्मी भरलेली, टोकं कोरी. पहिल्या खेपेपेक्षा खूपच बरं.

तिसऱ्या वेळी तारीख उलटी मोजली. पारा साधारण ३५ च्या आत राहतो ते शेवटचे दिवस मार्चअखेरचे. थंडीत पेरलेल्या मक्याला केस यायला साठेक दिवस लागतात. म्हणजे पेरणी जानेवारीच्या शेवटी. पण माझं बी जास्त गोडीच्या प्रकारचं होतं, सुरकुतलेलं, हलकं. अशा बियांत पिष्ट कमी असल्याने उगवायची ताकद कमी. जमीन गार असेल तर कुजतात. सकाळी आठला दहा सेंटिमीटर खोल थर्मामीटर धरून रोज नोंद ठेवली. सलग चार दिवस १८ च्या वर राहिल्यावर २५ जानेवारीला बी टोबलं, अडीच सेंटिमीटरच खोल. नवव्या दिवशी उगवलं, आठ नांग्या पडल्या, म्हणजे तेवढ्या जागी रोप आलं नाही, त्या लगेच भरल्या. याच प्रकारच्या मक्याची आणखी एक अट आहे: जवळपास साधा मका एकाच वेळी फुलत असेल तर त्याच्या परागाने दाणे पिठूळ होतात. ७५ मीटर अंतर तरी हवं, नाहीतर फुलोऱ्यात दोन आठवड्यांचा फरक. पाकिटावर यातलं काही छापलेलं नव्हतं.

पाऊस-पाणी, खत सगळं या वेळी कंटाळवाणं म्हणावं इतकं सुरळीत गेलं. गुडघाभर उंचीला युरियाचा एक हप्ता, तुरा दिसायच्या थोडं आधी दुसरा, दोन्ही वेळा वर भरपूर पाणी. बुडाशी फुटवे आले ते काढले नाहीत, काढल्याने फायदा होत नाही. आधारमुळं दिसली तेव्हा मातीची भर लावली. तुऱ्याच्या दोन आठवडे आधीपासून केस सुकेपर्यंत एकही पाणी चुकवलं नाही. दोन ड्रम भरून ठेवले होते, मोटरचा अनुभव गाठीशी होता. २४ मार्चला तुरे आले, २७ ला केस. तीन दिवसांचं अंतर बघून हायसं वाटलं. त्या आठवड्यात कमाल तापमान ३३ ते ३५. तरीही रोज सकाळी चौकोनातून हळूच चालत जाऊन तुरे हलवले. अंगावर, केसांत पिवळी धूळ बसायची.

उन्हात दाणा लवकर पिकतो आणि काढणीला दोन-तीनच दिवस मिळतात, म्हणून केस आल्यापासून अठराव्या दिवसापासून रोज पाहिलं. केस तपकिरी, कोरडे; कणसाचं टोक बोटाला बोथट लागतं. एका कणसाचं पान थोडं सोलून दाण्यात नख खुपसायचं. पाणी निघालं तर थांबा, दुधासारखा चीक निघाला तर काढा, पीठ लागलं तर उशीर झाला. १४ एप्रिलला पाणी होतं, १७ ला दूध. उजाडतानाच काढली आणि लगेच गार पाण्यात टाकली. साध्या गोड मक्यातली साखर ३० अंशांत दिवसभरात निम्म्यापर्यंत उतरते, माझ्या प्रकारची जास्त टिकते, पण उन्हात ठेवायची हिंमत झाली नाही.

४६ कणसं निघाली. तीन कणसांच्या टोकाशी अळी होती, तेवढा भाग कापला. पहिलं कणीस वाफ्यातच उभ्याने सोललं. १६ ओळी, एका ओळीत ३२ ते ३४ दाणे, टोकाला बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी. आईने ते हातातून घेतलं, अंगठा ओळींवरून बुडापासून टोकापर्यंत फिरवला आणि कच्चंच खाल्लं. मग दुसरं मागितलं.